पोपट आणि बजरीगर : जात ओळखा, मगच व्यवहार करा

समजा, कडावच्या बाजारपेठेत आपले किराणा-धान्याचे दुकान आहे. मार्च महिना चालू आहे. जवळच्या वाडीतला ओळखीचा मुलगा फडक्याने झाकलेली टोपली घेऊन येतो. आत पोपटाची चार पिल्ले आहेत, पंखही पुरते फुटलेले नाहीत. "चाचा, ठेवून घ्या. द्याल ते द्या," तो म्हणतो. त्याच दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक विचारते, "मुलांसाठी लव्हबर्डची जोडी मिळेल का?"

वरवर पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच. दोन्हीकडे हिरवे पक्षी, वाकडी चोच आणि चार पैशांचा फायदा. पण पहिला व्यवहार केला तर दुकानदार थेट फौजदारी गुन्ह्यात सापडतो. दुसरा व्यवहार रीतसर केला तर तो सरळ जोडधंदा ठरतो. दोहोंतला फरक फक्त पक्ष्याच्या जातीचा आहे. म्हणून पक्षी, पिंजरे, मडकी किंवा पक्ष्यांचा दाणा यांच्या व्यवहारात असलेल्या, अथवा येऊ पाहणाऱ्या, बांधवांनी जात ओळखण्याचा हा धडा नीट समजून घ्यावा.

आपल्या परिसरातील देशी पोपट

कर्जत-खालापूर भागात भातशेती, आमराया आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे जंगल एकमेकांना लागून आहे. पोपटाला हवे ते सगळे इथे मिळते. पुढील चार जाती लक्षात ठेवाव्यात.

१) नेहमीचा पोपट, म्हणजे राघू किंवा कीर. लांबी शेपटीसह सुमारे ४० सेंटीमीटर. अंग हिरवे, वरची चोच लाल. पूर्ण वाढलेल्या नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असते. ही कंठी साधारण तिसऱ्या वर्षी येते. मादीला आणि लहान पक्ष्याला ती नसते. त्यामुळे "कंठी नाही, म्हणजे हा वेगळा पोपट" हे म्हणणे चुकीचे आहे.

२) राजपोपट. बाजारात याला "पहाडी" म्हणतात. आकाराने राघूपेक्षा बराच मोठा, लांबी ५५ ते ६० सेंटीमीटरच्या आसपास. चोच जाडजूड. पंखाच्या खांद्यावर तांबडा-तपकिरी डाग असतो. तो मादीलाही असतो आणि हीच त्याची पक्की खूण. इंग्रजीत याला सिकंदर बादशहाचे नाव मिळाले आहे. त्याच्या स्वारीनंतर असे पोपट ग्रीसमध्ये पोचले, असे सांगतात. आज ही जात जगभरच्या यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर असलेली म्हणून नोंदलेली आहे.

३) टुईया. लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. नराचे डोके पिकलेल्या जांभळट आलुबुखारासारखे, मादीचे डोके राखी-निळसर. चोच पिवळसर, शेपटीचे टोक पांढरे. पिल्लाचे डोके हिरवट असल्यामुळे अनेकांची फसगत होते.

४) निळ्या पंखांचा पोपट. हा फक्त पश्चिम घाटातच आढळतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. अंग निळसर-राखी, पंख व शेपटी निळी. गळ्यात काळी कंठी, आणि नराच्या कंठीखाली निळसर-हिरवी कड असते.

हे पक्षी स्वतः मोठे ढोल कोरत नाहीत. सुतारपक्षी किंवा तांबटाने केलेले छिद्र वा झाडाची नैसर्गिक पोकळी थोडी रुंद करून घर करतात. जुन्या झाडाचा एक ढोल वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. पिल्ले काढण्यासाठी फांदी तोडली की त्या वर्षीची पिल्ले तर जातातच, शिवाय पुढच्या कित्येक वर्षांचे घरही मोडते. पोपटाप्रमाणे मैना, पिंगळा आणि खारही त्याच ढोलीवर अवलंबून असतात.

भात पिकू लागले की हेच पोपट लोंब्यांवर उतरतात, पेरूच्या बागेत नासधूस करतात, हे खरे आहे. शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण त्यावर उपाय राखण, जाळी, चमकत्या पट्ट्या हाच आहे. पिकाचे नुकसान झाले म्हणून पोपट पकडून विकण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा आहे. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. अनुसूचींची नव्याने मांडणी झाली, पण पोपटाचे संरक्षण कायम राहिले.

व्यापाऱ्याने तीन मुद्दे ध्यानात ठेवावेत.

पहिला मुद्दा : कायद्याच्या भाषेत "शिकार" म्हणजे फक्त बंदुकीने मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, अंडी किंवा घरट्याची नासधूस करणे हेही शिकारीतच येते.

दुसरा मुद्दा : विकणाऱ्याइतकाच विकत घेणारा आणि बाळगणाराही अडचणीत येतो. "मी पकडला नाही, फक्त ठेवून घेतला" हा बचाव नाही.

तिसरा मुद्दा : सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी ही दंडाची मर्यादा पंचवीस हजार होती. चार पिल्लांतून सुटणारे पैसे आणि ही जोखीम यांचा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला सहज मांडता येईल.

एक पळवाटही सांगितली जाते. निळ्या किंवा पिवळ्या रंगाचा कंठीवाला पोपट दाखवून "हा विदेशी आहे" असे विक्रेते म्हणतात. रंग बदलला तरी जात राघूचीच राहते. तोंडी शब्दावर विसंबून असा माल दुकानात ठेवू नये.

बजरीगर : रंगरूप

आता दुपारच्या गिऱ्हाइकाकडे वळू. आपल्याकडे ज्याला सर्रास "लव्हबर्ड" म्हणतात, तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतो. तो असतो बजरीगर. जाणकार दुकानदार त्याला "बजी" म्हणतात. हाही पोपटाच्याच कुळातला, पण मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला. १८४० मध्ये पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडला नेला. पिंजऱ्यात सहज वीण होत असल्यामुळे पुढे तो जगभर पसरला. आज बाजारात येणारा बजरीगर पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला असतो. रानातून पकडून आणावा लागत नाही, ही त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू.

लांबी सुमारे १८ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास एक वीत. वजन ३० ते ४० ग्रॅम. मूळ रंग पोपटी, तोंड पिवळे, पाठीवर व पंखांवर काळ्या-पिवळ्या लहरी. गालावर जांभळट ठिपका, गळ्यावर काळ्या ठिपक्यांची माळ. शेपटी लांब व निमुळती. पायाची दोन बोटे पुढे, दोन मागे, म्हणून जाळीवर चढण्यात पटाईत. निळा, पांढरा, पूर्ण पिवळा, राखी हे सगळे रंग माणसाने निवड करून जोपासलेले आहेत. जात एकच.

नर-मादी आणि वय कसे ओळखावे

गिऱ्हाईक "जोडी" मागते आणि पुष्कळदा दोन नर किंवा दोन माद्या घेऊन जाते. मग महिनाभराने भांडण. हे टाळण्यासाठी चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची मऊ कातडी पाहावी. मोठ्या नराची ही कातडी ठसठशीत निळी असते. मादीची फिकट निळसर-पांढरी असते आणि विणीच्या काळात तपकिरी, खरखरीत होते. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या जातीत नराचीही कातडी गुलाबी-जांभळी राहते. तिथे घाईने निर्णय देऊ नये.

वय ओळखायला कपाळ पाहावे. पिल्लाच्या कपाळावर काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडली की कपाळ स्वच्छ होते. पिल्लाचा डोळा पूर्ण काळा दिसतो. वय वाढले की बाहुलीभोवती पांढरे कडे येते. माणसाळवायला कपाळावर रेघा असलेला पक्षी चांगला. विणीला मात्र एक वर्षाच्या आसपासची, स्वच्छ कपाळाची जोडी घ्यावी. हा पक्षी काही महिन्यांतच वयात येतो खरा, पण इतक्या लवकर अंड्यांवर बसवले तर मादी खचते आणि अंडे अडकून मरूही शकते.

स्वभाव

बजरीगर रानात थव्याने राहतो. एकटा ठेवला तर माणसाचा सहवास भरपूर मिळाला पाहिजे, नाहीतर तो पिसे उपटू लागतो किंवा झुरतो. सकाळ-संध्याकाळ किलबिलाट असतो, पण राघूच्या कर्कश ओरडण्यापेक्षा आवाज कितीतरी सौम्य. म्हणून चाळीत व सदनिकेतही तो पाळता येतो.

तो बोलतो का, हा ठरलेला प्रश्न. नर, लहानपणापासून आणि शक्यतो एकटा असेल तर शब्द उचलतो. आवाज बारीक आणि भराभर असल्यामुळे नीट ऐकावे लागते. अमेरिकेतील "पक" नावाच्या बजरीगरची १,७२८ शब्दांचा विक्रम म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. १९९४ मध्ये तो मेला. पण असा पक्षी लाखात एखादा. "हमखास बोलतो" असे सांगून पक्षी विकू नये. गिऱ्हाईक आज फसले तर उद्या दुकानाची पायरी चढणार नाही.

चांगल्या देखभालीत हा पक्षी पाच ते आठ वर्षे, काही वेळा त्याहून अधिक जगतो. गिऱ्हाइकाला हे विक्रीपूर्वीच सांगावे. ही आठ दिवसांची खेळणी नव्हेत.

खरा लव्हबर्ड, कॉकटेल आणि नोंदणी

खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. शेपटी आखूड, बांधा ठेंगणा, चोच मोठी आणि चावा जोरदार. कॉकटेल ऑस्ट्रेलियातला, सुमारे ३२ सेंटीमीटर लांब, डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिळा.

इथे कायद्याची एक बारीक बाब आहे, ती पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नसते. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जो करार आहे, त्याच्या परिशिष्टांत पोपटकुळातील जवळजवळ सगळ्या जाती येतात. भारताच्या कायद्यात ही यादी आता चौथ्या अनुसूचीत आहे आणि त्यातील जिवंत प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या "परिवेश" संकेतस्थळावर करावी लागते. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावे लागते. बजरीगर, कॉकटेल आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड या तीन जाती त्या आंतरराष्ट्रीय यादीतून वगळलेल्या आहेत. मात्र डोळ्याभोवती पांढरे कडे असणारे, फिशर व काळ्या तोंडाचे लव्हबर्ड यादीत आहेत. म्हणजे एकाच पिंजऱ्यातील दोन लव्हबर्डपैकी एकाला नोंदणी लागते आणि दुसऱ्याला लागत नाही! नवख्याने बजरीगरपासून सुरुवात करावी, असे म्हणण्याचे हे एक मोठे कारण.

याशिवाय पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. त्यांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी करावी लागते आणि खरेदी-विक्रीची वही ठेवावी लागते. धंदा सुरू करण्यापूर्वीच हे काम उरकावे.

पिंजरा : कारागिरांसाठी दोन शब्द

आपल्याकडे घुमटाच्या आकाराचा गोल पिंजरा बनवण्याची रीत आहे. दिसायला तो सुरेख, पण पक्ष्याच्या सोयीचा नाही. बजरीगर सरळ रेषेत उडतो. त्याला उंचीपेक्षा लांबी हवी. एका जोडीसाठी निदान दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा चौकोनी पिंजरा करावा. गजांतील अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते.

नव्या जस्तलेपित जाळीवर जस्ताचे कण सुटे असतात. पक्षी जाळी चावतो आणि ते पोटात जाऊन विषबाधा होते. म्हणून जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावी. बसायला गुळगुळीत एकसारखी दांडी नको. पेरू किंवा कडुनिंबाच्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या द्याव्यात. त्याने पायांना व्यायाम मिळतो आणि चोचही झिजते. दाराला पक्की कडी हवी. हा पक्षी सरकते दार चोचीने उचलतो.

विणीसाठी आपल्याकडे छोटी मडकी टांगतात. मडक्याच्या बाजूला चार-पाच सेंटीमीटरचे भोक असावे. जोड्यांपेक्षा एक-दोन मडकी जास्त टांगावीत, कारण मडक्यावरून माद्या जिवावर उठून भांडतात. सुतार बांधवांना लाकडी घरटी करता येतील. तळाला किंचित खोलगट भाग ठेवला की अंडी विखुरत नाहीत. पिंजरा, मडके, घरटे, दाण्याची भांडी या मालाला मागणी असते, आणि त्यासाठी स्वतः पक्षी पाळण्याचीही गरज नाही.

वीण आणि दाण्याचा हिशेब

मादी एक दिवसाआड एक, अशी चार ते सहा अंडी घालते. १८ दिवसांत पिल्लू बाहेर येते. सुमारे पाच आठवड्यांनी ते मडक्याबाहेर पडते. वर्षाला दोन, फार तर तीन वेळा वीण घ्यावी आणि मग मडकी काढून टाकावीत. लोभाने सतत अंडी घेतली की मादी लवकर मरते.

मुख्य खाणे राळा, म्हणजेच कांग. जोडीला बाजरी आणि वरी. रोज थोडी कोथिंबीर, पालक किंवा मेथी. समुद्रफेन पिंजऱ्यात अडकवून ठेवावे. अंड्याच्या कवचाला लागणारा चुना त्यातून मिळतो.

एक जोडी रोज सुमारे १५ ग्रॅम दाणा फस्त करते, म्हणजे महिन्याला अर्धा किलोपेक्षा थोडा कमी. दहा जोड्यांना वर्षाला साधारण ५५ किलो. दोन विणींत जोडीमागे सात पिल्ले जगली असे धरले तर ७० पिल्ले होतात. दोन महिन्यांची होईपर्यंत त्यांना आणखी २५ ते ३० किलो लागेल. एकूण ८० ते ८५ किलो, म्हणजे विकण्याजोग्या एका पिल्लामागे सुमारे सव्वा किलो दाणा. त्यात भाजी, पिंजऱ्याची झीज आणि मरतूक धरावी. आपल्या बाजारातील भाव घालून हा हिशेब आधी कागदावर मांडावा. घरातल्या एका माणसाची सकाळ-संध्याकाळची मेहनतही त्यात लिहावी. दहा जोड्यांवर संसार चालणार नाही. हा जोडधंदा आहे, हे मनाशी पक्के असावे.

पावसाळा आणि आजार

हा पक्षी कोरड्या मुलखातला आणि आपला मुलूख धो धो पावसाचा. कर्जत-खालापुरात जून ते सप्टेंबर हाच परीक्षेचा काळ. दमट दाण्याला बुरशी लागते आणि बुरशीचे विष पक्ष्याच्या यकृतावर बसते. दाणा मेमध्ये कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात ठेवावा. वास आलेला दाणा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पिंजरा ओल आणि झोत यांपासून दूर असावा. उंदीर, मुंग्या, मांजर आणि धामण यांचाही बंदोबस्त हवा. स्वयंपाकघरात पिंजरा टांगू नये. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात.

नवीन आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा. चोचीभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी खरखरीत पापडी दिसली तर ते किडीचे काम असते. त्यावर मनाने औषध न लावता पशुवैद्याला दाखवावे. पिसे फुगवून दिवसभर झोपणारा पक्षी आजारी असतो. तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे ही उघड फसवणूक आहे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पोपटताप हा आजार माणसालाही होतो. पिंजरा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, तोंडाला फडके बांधावे. ताप-खोकला लांबला तर आपण पक्षी हाताळतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

टोपलीतल्या पिल्लांचे काय?

आता पुन्हा त्या मुलाकडे येऊ. त्याला रागावून परत पाठवले तर तो दुसऱ्या दुकानात जाईल आणि पिल्ले मरतील. दोन पैसे देऊन ठेवून घेतली तर पुढच्या मार्चमध्ये तो दोन टोपल्या आणील. म्हणून पैसे न देता त्याला समजवावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवून पिल्ले सुपूर्द करावीत. स्वतःच्या हाताने रानात सोडू नयेत. उडता न येणारे पिल्लू तासाभरात कावळ्या-मांजराचे भक्ष्य होते.

आपल्याच रायगड जिल्ह्यातील किहीमला सुगरणीच्या घरट्यांखाली तासन् तास बसून तिचा संसार टिपून घेणारे डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून "ही कोणत्या जातीची?" हा प्रश्न त्यांना पडला आणि तिथून पुढे सारे आयुष्य बदलले. आपल्याला तेवढे मोठे काम करायचे नाही. पण पक्षी हातात आला की आधी तोच प्रश्न विचारावा : ही जात कोणती? उत्तर राघू, पहाडी किंवा टुईया असेल तर हात मागे घ्यावा. बजरीगर असेल तर कपाळ पाहावे, चोचीवरची कातडी पाहावी, वहीत नोंद करावी आणि खुशाल व्यवहार करावा. रात्री दुकानाची फळी लावताना कोणाची भीती वाटणार नाही, अशी रोजी थोडी असली तरी पुरते.